आबांचं एकासणं

धुळे, ९ नोव्हेंबर १९७०

सुकदेव,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. तेवढ्यावर भागव.

भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तयार करून दिवसभर वाट बघितली. तू आला नाहीस. दुसऱ्या दिवशी तुझं कार्ड आलं: "अक्का, तू दवाखान्यात सिस्टर आहेस, तुला कळतं. आबांना ठेवलंय तिथे जाऊन बघ. सेवा नीट नसेल तर घरी आणतो. तू म्हणशील तसं करीन." वा रे वा! आबांना अमळनेरला त्या सेवासदनात नेऊन ठेवलं तेव्हा अक्का कुठे गेली होती? शिंदखेड्याच्या एस्टीत गावची एक बाई भेटली, तिच्या तोंडून मला कळलं की माझा बाप आता परक्यांच्या दारी जेवतो. भर गाडीत मी तिला काय उत्तर द्यायचं होतं? तेव्हापासून तुझ्याशी बोलणं टाकलं ते त्यासाठी. अजूनही बोलत नाहीये. हे फक्त उत्तर आहे.

तर काल रविवारी गेले. आगाऊ कळवलं नाही. तपासायचं तर न सांगता जावं, एवढं नोकरीत शिकले आहे.

खरं सांगू? खोट काढायचीच म्हणून गेले होते. गेल्या गेल्या चादर उचलली, गादीखाली हात घातला, नाकाने वास घेतला. फिनेलचा वास, बाकी काही नाही. पिण्याचं पाणी दुहेरी फडक्याने गाळलेलं. ढेकूण मारत नाहीत ते लोक, जैन आहेत ना, पण खाटा रोज उन्हात काढतात, त्यामुळे ढेकूण बिचारे आपणहून जातात. आबांना कुशीवर वळवून पाठ बघितली. एक चट्टा नाही. नखं कापलेली, दाढी केलेली, धोतर धुतलेलं. आमच्या सरकारी वॉर्डात असं ठेवलं तर आमचे डॉक्टर मला पेढे वाटतील. मला इतका राग आला म्हणून सांगू!

सदन चालवतात त्या राजकुंवरबाई. मारवाडी आहेत, विधवा, वय माझ्याहून थोडं जास्त. सासूच्या नावाने काढलंय सदन, लाडकुंवर सेवासदन. पांढरं लुगडं, पायात काही नाही, आवाज असा की झोपलेलं मूल उठणार नाही. मी एवढी खाटाखुटा उलथ्यापालथ्या करत होते, तर त्या मागून येऊन चादरी नीट करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, अजून काही बघायचं असेल तर दाखवते." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

पण खटका उडालाच. आबांसाठी मी लसणाचा ठेचा आणि कांदा घातलेलं भरीत नेलं होतं. डबा उघडताच त्या म्हणाल्या, इथे कांदा-लसूण आत येत नाही. मी म्हटलं, माझा बाप साठ-सत्तर वर्षं लसणावर जगलाय! त्या म्हणाल्या, फाटकाबाहेर बाकावर बसवून भरवा, माझी ना नाही. मी चिडून डबा तसाच परत आणला. घरी यांनी रात्री खाल्ला मिटक्या मारत.

आबांनी मला ओळखलं. "वच्छा उनी," म्हणाले आणि हसले. पण सुकदेव, आबा वाळलेत रे. दंड धरला तर माझी बोटं एकमेकांना टेकली. तो दंड! अख्खं पोतं एका हाताने गाडीत टाकायचे. अंगरखा खांद्यावरून लोंबतोय. इतकं स्वच्छ ठेवून काय उपयोग, माणूस जर झिजत असेल?

माझ्या मते हे त्या अळणी जेवणाचं काम आहे. ना कांदा, ना लसूण, ना कंदमूळ. खानदेशातल्या माणसाला ते खाऊन अंग कुठून धरायचं? माझ्याकडे आणले असते, पण लेकीच्या घरचं पाणीसुद्धा आबांना चालत नाही, दारातल्या दारात उपाशी बसतील. म्हणून माझं म्हणणं एवढंच: घेऊन जा त्यांना. बाप आहे तो तुझा.

अक्का

---

धुळे, २३ नोव्हेंबर १९७०

सुकदेव,

तुझं पत्र मिळालं. महिनाअखेरीला आबांना आणायला जातोस, लताने खोलीतली खाटही मोकळी केली, हे वाचलं. लताला माझा आशीर्वाद. तुला अजून नाही.

पण थांब. जाऊ नकोस अजून.

तू पत्रात पहिल्यांदाच सगळं खुलासेवार लिहिलंस, की जळगावला आबा तुम्हा दोघांचा डोळा चुकवून बैल शोधायला निघायचे, आणि एकदा रेल्वेच्या फाटकाजवळ रुळावर बसलेले सापडले. हे आधी सांगायला काय तोंडाला कुलूप लागलं होतं तुझ्या? मी तुला दगड समजत होते इतके दिवस. दोन खोल्या, तुझी वीज मंडळाची नोकरी, लताला दिवस गेलेले, कोण किती वेळ डोळ्यात तेल घालून बसणार! असो. चूक तुझीच आहे, पण मी समजत होते तेवढी मोठी नाही.

काल परत जाऊन आले. या वेळी ठेच्याचा डबा घेऊन आबांना फाटकाबाहेर बाकावर बसवलं, अकराच्या सुमाराला. ठेचा चाखला त्यांनी, "झनका शे," म्हणाले, आणि अर्धी भाकरी खाऊन उठले. म्हणाले, आत पानं वाढलीत, तिकडे जेवू. आणि तिथे त्या बिनलसणाच्या आमटीवर असे तुटून पडले की मी बघत राहिले! दोन वेळा भात मागून घेतला. म्हणजे माझं निदान साफ चुकलं. पंचवीस वर्षं नोकरी करून जेवण अळणी म्हणून माणूस वाळला असं मी लिहून मोकळी झाले. लाज वाटली.

मग वाळतात का? मी राजकुंवरबाईंना विचारलं, संध्याकाळी काय जेवतात? तर त्यांनी दोन्ही हात जोडले. म्हणाल्या, "बाई, तुम्हाला माहीत नाही? तुमचे आबा एकासणं करतात."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, त्यांच्यात दिवसातून एकदाच, एका बैठकीला जेवायचं व्रत असतं, ते एकासणं. संध्याकाळी पाच वाजता इथे पंगत बसते, कारण सूर्य मावळल्यावर त्यांच्यात अन्न घेत नाहीत, चूलही विझते. तर आबांना बोलवायला गेलं की आबा हात जोडतात, मान हलवतात, "आते नही माय," म्हणतात, आणि ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसून राहतात. पहिल्या दिवसापासून हेच. राजकुंवरबाईंना वाटलं, केवढा तपस्वी माणूस! शेतकरी असून, आपल्या धर्माचा नसून, नेम चुकू देत नाही. सदनातल्या बायका सणावाराला त्यांच्या पाया पडतात रे! मी म्हटलं, अहो, सकाळी कपभर चहा पितात की ते, एकासणं कसलं? तर म्हणाल्या, "ज्याला जेवढं झेपेल तेवढं. आपण कोणाच्या व्रताला बोट लावू नये."

मी कपाळाला हात लावला. आपले आबा आणि व्रत! आईने धरून बसवल्याशिवाय एकादशी कधी केली का त्यांनी?

संध्याकाळची एस्टी सोडली आणि ओसरीवर त्यांच्याशेजारी बसले. पंगत बसली. वाढपी बोलवायला आला. आबांनी हात जोडले, "आते नही." मी विचारलं, "आबा, का नाही जेवत?" माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच खुळी. म्हणाले, "ढोरे उनात नही अजून. ढोरे उनात का मंग जेवसू."

ढोरं आली नाहीत अजून, आली की मग जेवीन, म्हणे. आठवतं ना तुला घरचं? बैल गोठ्यात आले, पाणी पाजलं, वैरण टाकली, की मग आबा हात धुवायचे. मुकं जनावर रानात आणि आपण ताटावर, हे त्यांना जन्मात जमलं नाही. ते आजही तसेच बसतात. दिवे लागतात, तोवर चूल विझलेली असते, मग आबा उठून निमूट खाटेवर जाऊन पडतात. आणि सकाळी सगळं विसरलेलं असतं.

बैल विकून तुला दोन वर्षं झाली. विकणं भागच होतं, त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. पण आता यावर इलाज काय करायचा ते कळत नाही. तुझ्याकडे आणले तरी संध्याकाळी हेच होणार, आणि वर रेल्वेचं फाटक आहेच. मला जरा विचार करू दे.

अक्का

---

धुळे, ७ डिसेंबर १९७०

सुकदेवा,

बघ, नाव जरा प्रेमाने लिहिलं. चढून जाऊ नकोस. खाली शिव्या आहेत.

मागच्या रविवारी मी राजकुंवरबाईंना खरं काय ते सांगितलं. त्या उभ्या होत्या, खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मी भुकेल्या माणसाच्या पाया पडत होते, बाई." आणि रडायला लागल्या, अगदी हुंदके देऊन. मी गेले होते भांडायला, आणि मीच त्यांना पाणी दिलं.

तरी भांडले थोडं. म्हटलं, रात्री एक भाकरी झाकून ठेवा, काय बिघडतं? तर तिथे मात्र त्या हलेनात. सासूला शब्द दिलाय, या छपराखाली सूर्य मावळल्यावर अन्न नाही. हात जोडून म्हणाल्या, "मला हे सांगू नका. दुसरं काहीही सांगा." मला राग आला, पण खोटं कशाला बोलू, त्यांचा कळवळा खोटा नव्हता.

आणि मग त्यांनाच सुचलं. रस्त्यापलीकडे त्यांच्याच ट्रस्टची पांजरापोळ आहे, म्हातारी, लंगडी, टाकून दिलेली ढोरं सांभाळतात तिथे. निंबा म्हणून एक भिल्ल गडी त्यांना बोरी नदीच्या काठाने चारून आणतो आणि दिवेलागणीला मागच्या दाराने आत घालतो. त्यांनी निंबाला बोलावून घेतलं. म्हणाल्या, उद्यापासून ऊन आहे तोवर परत फिरायचं, आणि सदनाच्या ओसरीसमोरून यायचं. निंबा कुरकुरला, थंडीचे दिवस लहान, ढोरांचं पोट भरणार नाही. तर या म्हणाल्या, त्यांना वरून कडबा टाक. माणसासाठी जनावराला उपाशी ठेवायचं पापही नको.

मी खुशीत! या शनिवारी दुपारीच जाऊन बसले. पाचाच्या आधी धूळ उडाली, घंटा वाजल्या. आबा ताडकन उभे राहिले. डोळे असे चमकले त्यांचे! खांबाला धरून एक एक ढोर बघितलं. एका पांढऱ्या खोंडाच्या पाठीवरून हात फिरवला. मी म्हटलं, "बठ्ठी ढोरे उनात ना आबा? चला जेवायला." आबा रस्त्याकडेच बघत राहिले. शेवटी मागून निंबा आला काठी घेऊन. आबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तू नही."

आणि परत खाली बसले.

मी हात धरला, विनवलं, अगदी दटावलं. आबा म्हणाले, "बसा आबा, ढोरे लईसन येस, असं सांगीसन गया मना पोऱ्या." म्हणजे कोण गेला, कळलं ना तुला? राजकुंवरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हो, भाऊ सोडायला आले तेव्हा असंच काही बोलून फाटकाबाहेर गेले खरे, आम्हाला वाटलं सामान आणायला गेले.

अरे सुकदेवा! जाताना एवढंच सुचलं तुला? त्यांनी तुझा हात सोडावा म्हणून बोललास, हे मला कळतंय. तुझाही पाय निघत नसेल. पण त्या माणसाचं डोकं चार गोष्टी विसरलं आणि नेमकी हीच धरून बसलंय. आई गेली हे विसरतात, बैल विकले हे विसरतात, पण पोरगा येतो म्हणून गेलाय हे काही केल्या विसरत नाहीत. जूनपासून रोज संध्याकाळी तुझी वाट बघतात. उपाशी बसून बघतात.

तू विचारलं होतंस ना, सेवा नीट आहे का? नीट आहे. माझ्याच्यानेही याहून चांगली झाली नसती. जी एक गोष्ट कमी आहे ती त्यांच्या हातातली नाही, तुझ्या हातातली आहे.

तू ये. रजा नाही, साहेब रागावतो, लताला सातवा की आठवा, मला काही सांगू नकोस. लताजवळ शेजारीण बसव आणि एका शनिवारच्या गाडीने ये. ढोरांच्या मागे चाल. आणि जाताना, देवाशपथ, खरं सांगून जा.

आबांचा दंड अजून बारीक झालाय. फार दिवस लावू नकोस.

अक्का

---

धुळे, २१ डिसेंबर १९७०

चि. सुकदेवास अनेक आशीर्वाद.

घरी सुखरूप पोचला असशील. काल दुपारच्या गाडीला तू डोळे पुसत गेलास, मागे वळून बघितलं नाहीस. मी मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबले होते. काय झालं ते सांगायलाच बसले आहे, पण थोडं क्रमाने सांगू दे.

परवाचं तुला सगळं दिसलं नसेल, तू ढोरांच्या मागे होतास ना. बुशकोट घालून, पायात बूट, बुटाला शेण, हातात निंबाची काठी उलटी धरलेली. निंबा हसून हसून दुहेरी झाला होता. मलाही हसू येत होतं. आबा खांबाला धरून उभे. तू जवळ आलास तर म्हणाले, "इतला उशीर का कया रे?" बस, एवढंच! सहा महिने वाट बघितली, त्याला नुसतं उशीर म्हणाले. आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवून पंगतीत गेले. तू खाली मान घालून जेवत होतास म्हणून तुला कळलं नसेल, पण राजकुंवरबाई स्वतः वाढत होत्या. आबांनी चार पोळ्या खाल्ल्या. मोजल्या मी, दृष्ट लागू नये म्हणून सांगत नव्हते.

काल सकाळी तू मला म्हणालास, "अक्का, ते झोपलेत तोवर निघतो, उठले तर रडतील." मी तुझं मनगट धरलं ते तुला लागलं असेल. लागू दे. पेशंटला फसवून सुई टोचली की पुढच्या वेळी तो हात पुढे करत नाही, हे मी रोज बघते. तू मग खाटेशी बसून सांगितलंस, अगदी आपल्या बोलीत, "आबा, मी जळगावले जास. मनी नोकरी शे. बैल आते नहीत, मी इकी टाकात. शनवारले येसू." बैल विकले तेही सांगशील असं मला वाटलं नव्हतं. धीर लागतो त्याला. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तू मला म्हणालास, "बघ, तुझं ऐकून काय झालं." आणि गेलास.

मलाही तेच वाटलं, खोटं नाही सांगत. दुपारी जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड ते तोंडच. मी मनात म्हटलं, वच्छले, शहाणपणा करायला गेलीस आणि होतं तेही घालवलंस. आता संध्याकाळी जेवले नाहीत तर सुकदेवाला काय तोंड दाखवू?

पाचाच्या आधी ढोरं आली. घंटा ऐकून आबा उठले, ओसरीवर आले. ढोरं बघितली. मागे निंबा होता. त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. वाढपी बोलवायला पुढे होईना, राजकुंवरबाईही दारात थबकल्या. शेवटी त्याच भीत भीत म्हणाल्या, "आबा, जेवणार का?"

आबांनी हात जोडले नाहीत. चूळ भरायचा तांब्या उचलला.

"पोऱ्या नोकरीले गया," म्हणाले. "माले सांगीसन गया. वाढ माय."

अक्का